आरोपीचे वकीलपत्र

कंधार म्हटले की बाहेरच्या माणसाला आठवतो तो खंदकाने वेढलेला राष्ट्रकूटकालीन किल्ला. कुणाला हाजी सय्याह यांचा दर्गा आणि तिथला उरूस आठवतो. तालुक्यातल्या माणसाला मात्र आणखी एक कंधार ठाऊक असते. सकाळी दहाच्या सुमाराला पेठवडज, कुरुळा, बारूळ, फुलवळकडच्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांचे ते कंधार. काखेत पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदांची चळत आणि चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची खूण. कुठे निघालात, असे विचारले तर एकच उत्तर येते. "आज तारीख हाय."

खुनाचा, खुनाच्या प्रयत्नाचा, बलात्काराचा खटला चालवायला या भागातल्या माणसाला आता पन्नासेक किलोमीटरवरच्या नांदेडला जावे लागत नाही. अतिरिक्त सत्र न्यायाधीशांचे न्यायालय कंधारलाच आहे. त्यामुळे जन्मठेप आणि फाशी हे शब्द इथे वर्तमानपत्रात वाचायचे राहिलेले नाहीत. ते चहाच्या टपरीवर, झाडाखालच्या पारावर आणि वकिलाच्या टेबलासमोरच्या बाकावर बोलले जातात.

त्या बाकावर बसलेली एखादी आई विचारते, "वकीलसायेब, लेकरू सुटंल का?"

"मावशी, ते मी आज सांगू शकत नाही. आधी मला हे सांगा, त्याला घरातून नेलं कधी? वार कोणता होता? वेळ काय होती?"

आई गोंधळते. आपण विचारतो आहोत काय आणि हा माणूस विचारतो आहे काय! हा संवाद कुठल्या एका खटल्यातला नाही. कोणत्याही तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात उभे राहा, थोड्याफार फरकाने तो कानावर पडेल. आणि त्याच आवारात, दहा पावलांवर, दुसरा एक प्रश्नही ऐकू येतो. तो विचारणारे आपल्यासारखे सज्जन लोक असतात. "असल्या माणसाचं वकीलपत्र घ्यावंच कशाला? गावाला ठाऊक आहे कुणी केलं ते!"

हा दुसरा प्रश्न मलाही पुष्कळ वर्षे पडत असे. खून झाला आहे, प्रेत गावाने पाहिले आहे, विधवा बाई आणि तिची पोरे डोळ्यांसमोर आहेत. अशा वेळी काळा कोट घालून कुणी आरोपीच्या बाजूने उभा राहतो तेव्हा राग येतो, आणि तो राग खोटा नसतो. पण हा माणूस तिथे उभा राहून नेमके करतो काय, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेले असते. सिनेमातले वकील टेबलावर हात आपटतात आणि शेवटच्या क्षणी दार उघडून साक्षीदार आत येतो. सत्र न्यायालयातले काम याच्या अगदी उलट, संथ आणि कंटाळवाणे असते. त्यात कागद वाचायचे असतात, तारखा जुळवायच्या असतात आणि माणसांना साधे साधे प्रश्न विचारायचे असतात.

जाता जाता एक गोष्ट. मराठवाड्यातल्या माणसाला कोर्टाची भाषा परकी वाटू नये, असे खरे तर म्हणायला हवे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या अदालतीचा कारभार उर्दूतून चाले. वकील, वकालतनामा, पेशी, फिर्याद, जबानी, मुद्देमाल हे शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी भाकरी-भाजीसारखे होते. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९८१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. कंधारच्या निकालावरचे अपील आज तिथे जाते. राज्ये बदलली, शब्द राहिले, आणि शब्द ठाऊक असूनही कोर्टाची भीती मात्र गेली नाही.

धुऱ्यावरचा खून

आपल्याकडच्या खुनाच्या खटल्यांचे एक ठरावीक मूळ असते, ते म्हणजे शेताचा धुरा. दोन भावकीत वीतभर जमिनीवरून वाद असतो. एक पावसाळा तो धुमसतो आणि पेरणीच्या दिवशी भडकतो. समजा, अशा एका भांडणात एक जण कुऱ्हाडीच्या घावाने मेला. फिर्याद लिहिली जाते तेव्हा मारणाऱ्या घरातली सगळी नावे तिच्यात येतात. म्हातारा चुलता, कॉलेजात शिकणारा पुतण्या, माहेरी आलेली लेकसुद्धा. "गैरकायद्याची मंडळी जमवून" हे पोलिसी मराठीतले वाक्य तुम्ही वाचले असेल. त्या वाक्यात मोठी ताकद आहे. समान उद्देशाने जमलेल्या पाच किंवा जास्त माणसांच्या मंडळीत तुम्ही होता असे ठरले, तर कुऱ्हाड एकाने मारली तरी शिक्षा सगळ्यांना होऊ शकते. दुःखात आणि रागात असलेले घर शत्रूच्या घरातल्या कुणालाच सोडायला तयार नसते. यात नवल काही नाही. पण त्या नऊ जणांतले धुऱ्यावर खरोखर किती होते?

बचावाचे काम इथून सुरू होते. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा किती आहेत? फिर्यादीत नऊ जणांनी कुऱ्हाडी-काठ्यांनी मारले असे म्हटले असेल आणि अंगावर एकच घाव असेल, तर बाकीच्या आठांनी काय केले? घटना किती वाजता घडली, पोलिस ठाण्यात फिर्याद किती वाजता नोंदली गेली? मधले सहा तास कुणाशी काय बोलणे झाले? साक्षीदाराने पोलिसांना जबाब दिला तेव्हा पुतण्याचे नाव घेतले होते का, की ते कोर्टात पहिल्यांदा आले? पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीत उगवली की वकील ती साक्षीदाराला दाखवतो आणि मग तपासी अंमलदाराकडून ती उणीव सिद्ध करून घेतो. उलटतपास म्हणतात तो हा. त्यात आरडाओरडा नसतो. "तुम्ही हे त्या दिवशी सांगितले होते का?" एवढाच प्रश्न असतो, पण तो विचारायला दोनशे पाने वाचलेली असावी लागतात.

याचा परिणाम असा होऊ शकतो, की कुऱ्हाड मारणाऱ्याला शिक्षा होते आणि म्हातारा चुलता घरी जातो. लोक म्हणतात, "वकिलाने आठ जणांना सोडवलं." हिशेबाची ही पद्धत मला नेहमी विचित्र वाटते. जे तिथे नव्हतेच ते सुटले, याला सोडवणे म्हणायचे का?

आता त्या आईला विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केलेच पाहिजे आणि त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, असे राज्यघटनेचा २२वा अनुच्छेद सांगतो. घटना समितीत हे कलम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ च्या सप्टेंबरात मांडले. नेले सोमवारी आणि अटक दाखवली गुरुवारी, असे असेल तर मधल्या तीन दिवसांत काय घडले, हा प्रश्न उभा राहतो. त्या तीन दिवसांतच "कबुली" येत असते. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या काळातला. त्यांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात तो घातला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो टिकून आहे. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून कुऱ्हाड निघाली, तर तेवढा भाग मात्र चालतो. म्हणून मग वकील विचारतो, पंच कोण होते? गावचे की दर वेळचे? जागा बंद होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती? कुऱ्हाड तर आपल्याकडे घराघरात असते. तिच्यावरचे रक्त कुणाचे, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेने सांगितले आहे का?

दोषारोपपत्र वेळेत आले का, हेही तो पाहतो. खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत ते आले नाही आणि आरोपीने अर्ज केला, तर जामिनाचा हक्क मिळतो. गावात बातमी मात्र अशी पसरते, की साहेबाने पैसे खाल्ले आणि खुनी सुटला. जामीन आणि सुटका यांतला फरक आपल्याकडे अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

एक वयाचा दाखला

साध्या प्रश्नाची किंमत काय असते, हे पुण्याच्या एका खटल्यात दिसले. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली. मेलेल्यांत स्त्रिया आणि लहान मुले होती. सारा महाराष्ट्र हादरला होता. राजस्थानातून आलेला एक आरोपी फाशीच्या शिक्षेला पात्र ठरला. पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही. पुढे तुरुंगात असताना त्याच्या वतीने अर्ज झाला, की घटनेच्या वेळी तो अल्पवयीन होता. राजस्थानातल्या शाळेचा दाखला तपासला गेला. त्याचे खरे नाव खटल्यातल्या नावाहून वेगळे होते आणि जन्मतारखेप्रमाणे १९९४ च्या ऑगस्टात त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी त्याला सोडण्याचा आदेश दिला. तोवर अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती.

त्या मुलाने गुन्हा केला नव्हता असे न्यायालय म्हणाले नाही. बारा वर्षांच्या मुलाला कायद्याने जी वागणूक द्यायची ती दिली गेली नाही, एवढेच ते म्हणाले. "तुझा जन्म कधीचा, शाळा कोणती?" एवढे विचारून त्या शाळेपर्यंत कुणी गेले असते, तर हे तेव्हाच कळले असते.

दुसरा खटला बीडकरांच्या आठवणीत असेल. बीडची मुलगी, १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन पुण्याला गेली आणि जूनमध्ये विषाने तिचा मृत्यू झाला. पतीला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रत्यक्ष पाहणारे कुणी नव्हते. तिने माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली दुःखी पत्रे होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पतीची मुक्तता केली, कारण तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्याने दूर होत नव्हती. शरद बिर्धीचंद सारडा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असली पाहिजे याच्या पाच कसोट्या त्या निकालात सांगितल्या आहेत आणि आज देशातल्या बहुतेक प्रत्येक अशा खटल्यात त्या वाचल्या जातात. आरोपी खोटे बोलला, एवढ्यावरून त्याने खून केला असे ठरत नाही, हेही त्या निकालाने बजावले. त्या मुलीच्या माहेरच्यांना हा निकाल कसा वाटला असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तिचा जीव गेलाच होता. तिच्या दुःखाला त्या घरात जबाबदार कुणीच नव्हते, असे मानायला माझे मन तयार नाही. पण दुःख देणे आणि विष देणे यांत अंतर आहे, आणि फाशी दुसऱ्यासाठी मागितली होती.

अल्बममधले चौघे

हे सगळे बाजूला ठेवले तरी एक खटला असा आहे, की "वकीलपत्र घ्यावंच कशाला" या प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडले.

नाशिकजवळच्या बेलतगव्हाणच्या शिवारात ५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. कष्टकरी कुटुंब होते. पाच जणांना मारण्यात आले, त्यांत पंधरा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर अत्याचारही झाले. मरणाच्या दारातून दोघे वाचले, एक आई आणि एक मुलगा. या प्रकाराचे वर्णन इथे करणार नाही. रविवारी सकाळी वाचण्यासारखे ते नाही.

पोलिसांनी सहा जणांना पकडले. मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्याकडचे हे लोक भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. ओळखपरेड झाली, वाचलेल्या दोघांनी त्यांना ओळखले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेत बदलली. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००९ साली तिथे निकाल लागला तो असा, की उरलेल्या तिघांनाही फाशीच. देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सहाच्या सहा जणांना फासावर द्यायला सांगितले होते. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर २०१२ साली निष्पन्न झाले.

यापुढे काही उरते का? पण फेरविचाराची याचिका झाली, २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिले पुन्हा ऐकली गेली. कागद पुन्हा उघडले गेले. त्यांत एक गोष्ट होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. तिने त्यातल्या चार जणांवर बोट ठेवले होते. ते चौघे या सहांतले नव्हते. त्या चौघांचे पुढे काय झाले? तपास झाला नाही, अटक झाली नाही. सरकार पक्षाने ही बाब दडवली, असा ठपका सर्वोच्च न्यायालयाने ठेवला.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई राज्य सरकारने द्यावी, चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घ्यावा आणि अल्बममधल्या त्या चौघांचा तपास करावा, असे आदेश दिले. सोळा वर्षे उलटली होती. त्यांतली दहाहून अधिक वर्षे फाशीच्या सावलीत. ज्या माणसाला उद्या सकाळी दार उघडेल की नाही याची खात्री नसते, त्याच्या एका वर्षाचा हिशेब कसा करायचा?

हा निकाल वाचताना माझे लक्ष दोन ठिकाणी थांबले. एक म्हणजे ओळखपरेड. भर रात्री, जीव वाचवण्याच्या धडपडीत पाहिलेले चेहरे. ती आई खोटे बोलली असे मला क्षणभरही वाटत नाही. तिच्यापुढे माणसे उभी केली, तिने तिच्या परीने ओळखले. माणसाची आठवण अशीच असते. म्हणून तर तिने पहिल्यांदा, घटना ताजी असताना, कुणाकडे बोट दाखवले होते हे इतके महत्त्वाचे होते. दुसरे म्हणजे ती आई स्वतः. सहा निरपराध तुरुंगात गेले तेवढ्या काळात तिच्या लेकरांना मारणारे कुठे होते? बचावाचा वकील पीडिताच्या विरुद्ध असतो, असे आपण धरून चालतो. पण अल्बमचा तो कागद २००४ सालीच नीट वाचला गेला असता, तर पहिला फायदा तिचा झाला असता.

वकीलपत्र कुणी घ्यायचेच नाही, तर?

पुष्कळ ठिकाणी प्रश्न मुळातच असा असतो, की वकीलच मिळत नाही. एखाद्या भयंकर गुन्ह्यानंतर तालुक्याचा वकील संघ ठराव करतो, आमच्यापैकी कुणीही आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छायाचित्रासह बातमी येते आणि लोक वाहवा करतात. त्या वाहवेत आपणही असतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितले, की असे सगळे ठराव बेकायदा आणि रद्दबातल आहेत, ते घटनेच्या आणि वकिली धर्माच्या विरुद्ध आहेत. गंमत पाहा, तो खटला तमिळनाडूतल्या कोइमतूरचा होता आणि तिथल्या वकिलांनी ज्यांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते ते चक्क पोलिस होते. आज पोलिसाच्या बाजूने बोलणारा उद्या आरोपीच्या पिंजऱ्यात पोलिस पाहू शकतो.

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचे काय झाले, ते आठवा. मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेने त्याचा बचाव न करण्याचा ठराव केला. अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली, तर त्यांच्या घरासमोर निदर्शने झाली, दगड पडले. पुढे वेगळ्या कारणाने ती नेमणूक रद्द झाली. मग अब्बास काझमी आले, त्यांच्यानंतर के. पी. पवार. उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. यांच्यापैकी कुणाला कसाबविषयी प्रेम होते असे म्हणायला जीभ रेटणार नाही. फाशी झालीच, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात. पण जगापुढे त्या खटल्यावर बोट ठेवायला जागा राहिली नाही. शिवाय त्या अपिलाच्या निकालात, २९ ऑगस्ट २०१२ ला, सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना सांगितले, की आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळेल, हे तुम्ही स्वतः सांगितलेच पाहिजे. न सांगणे ही कर्तव्यातली कसूर ठरेल. आज कंधारच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या मजुराला हा हक्क आहे.

त्याच खटल्यात मुंबईतला एक तरुणही आरोपी होता. हल्ल्यासाठी त्याने हाताने नकाशा काढून दिला आणि तो मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असा आरोप होता. त्याचा बचाव शाहिद आझमी हे तरुण वकील करत होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांच्या कुर्ल्याच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. तीन महिन्यांनी निकाल आला. न्यायाधीश ताहलियानी यांनी त्या तरुणाला सोडले. खिशात रक्ताने भिजलेल्या देहाबरोबर असलेला नकाशा इतका स्वच्छ, न चुरगळलेला कसा, हा मुद्दा त्यात होता. ज्या न्यायाधीशांनी कसाबला फाशी दिली त्यांनीच याला सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती सुटका टिकली.

फुकटचा वकील

"सरकारी फुकटचा वकील काय कामाचा?" हा आपल्याकडचा ठाम समज. काही वेळा तो खराही ठरतो. आपल्या शेजारच्या मध्यप्रदेशात खंडव्याला २०१३ साली एका फाशीच्या खटल्यात आरोप निश्चित झाले त्याच दिवशी वकील नेमला गेला आणि सगळा खटला दोन आठवड्यांत उरकला. झटपट न्याय म्हणून कौतुक झाले असणार! १८ डिसेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असेल तिथे किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा आणि तयारीला त्याला निदान सात दिवस द्यावेत, असे सांगितले. पुन्हा खटला चालला, पुन्हा फाशी झाली, पुन्हा तो माघारी आला आणि शेवटी मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने त्या माणसाला निर्दोष सोडले. डीएनएच्या अहवालाची तज्ज्ञाला बोलावून नीट तपासणी झाली तेव्हा कुठे.

२०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये सुरू केली आहेत. सरकारी वकील जसे सरकारची बाजू मांडतात तसे हे आरोपीची. दुसरे काम घ्यायचे नाही, एवढेच करायचे. कल्पना चांगली आहे. तालुक्याला विधी सेवा समिती असते आणि तिथे अर्ज करता येतो. एक गोष्ट मात्र घराघरात ठाऊक असायला हवी. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. शेत विकून वकील करण्याआधी एकदा तिथे विचारावे.

म्हणजे बचावाचे सगळेच वकील धुतल्या तांदळासारखे असतात, असे मला म्हणायचे नाही. साक्षीदार कसे फुटतात हे ज्याने कोर्टाचे आवार पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. घरी माणसे पाठवून, कधी पैसे देऊन, कधी नुसते डोळे दाखवून साक्षीदार फितूर केला जातो. तारखांवर तारखा घेऊन म्हातारा बाप खचवला जातो. बलात्काराच्या खटल्यात मुलीच्या चारित्र्याविषयी विचारायला कायद्याने मनाई आहे, तरी आडून आडून ते विचारणारे असतात. ही वकिली नव्हे. वकील परिषदेच्या नियमांत आरोपीचा बचाव करणे हे कर्तव्य सांगितले आहे, त्याच नियमात रास्त आणि सन्माननीय मार्गांनी असेही म्हटले आहे. नियमाचा बचावाचा भाग तेवढा सगळ्यांना पाठ असतो.

मराठवाड्यातल्या एका जुन्या वकिलांना मी हा सगळा विषय काढून विचारले, "साहेब, तुम्हाला कळतं ना, की अशिलाने केलंय ते?" ते हसले. म्हणाले, "चाळीस वर्षांत मला वाटलं, याने केलंय, आणि निघालं भलतंच, असं इतक्यांदा झालंय की मी वाटणं सोडून दिलं. न्यायाधीश एक जण आहे तिथे. ते काम त्याचं." नाव छापू नका, असेही म्हणाले. त्यांच्या गावात अजून दोन घरे त्यांच्याशी बोलत नाहीत. तीस वर्षांपूर्वीच्या एका खटल्यापासून.

बाकावरची आई एव्हाना विचार करून थकलेली असते. तारीख तिला आठवत नाही. मग वकील तारखेचा नाद सोडतो. "बरं मावशी, त्या दिवशी घरात काय चाललं होतं?"

"भाकरी टाकत व्हते साहेब. बाजारचा दिस. ह्यो नुकताच बाजारातून आलता, दिवे लागायचे व्हते. पिशवी तशीच दारात ठिवली आन् गेला त्यांच्यासंगं."

"कुणी पाहिलं नेताना?"

"समद्या गल्लीनं."

"त्यांतलं कोण येईल सांगायला?"

ती दोन नावे सांगते. वकील कागद पुढे ओढतो आणि लिहायला लागतो.